लहान पेटींतला खर्ज

गायनाच्या बैठकींत तंबोऱ्याचा खर्ज आणि तबलजीचा डग्गा यांकडे श्रोत्यांचें लक्ष क्वचितच जातें; परंतु ते दोन्ही काढून घेतले, तर गवयाचा गळा कितीही गोड असो, गाणें अधांतरीं लोंबूं लागतें. १९२५ पूर्वीं कर्ण्यांत गाऊन भरलेल्या तबकड्या ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांस हें निराळें सांगावयास नको. त्यांत डग्गा जवळजवळ ऐकूंच येत नाहीं. पुढें विजेचे स्पीकर आले, तरी खर्ज हवा असल्यास कपाटाएवढी पेटी घरांत आणावी, हा दंडक पुष्कळ वर्षें चालला. तो कसा मोडला आणि मोडतांना किंमत कोणती द्यावी लागली, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम अडचण काय ती पाहूं. स्पीकरचा पडदा पुढें सरला कीं समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. उंच स्वरांच्या लहरी आखूड. पण सेकंदास १०० कंपांच्या स्वराची लहर सुमारें ३.४ मीटर लांब असते. ती लहानशा पडद्याच्या कडेवरून सहज वळते, पुढचा दाब मागच्या विरळपणांत मिसळतो व स्वर जागच्या जागीं मरतो. शिवाय स्वर एक सप्तक खालीं नेला, कीं तेवढाच आवाज काढण्यासाठीं पडद्यास चौपट अंतर हलावें लागतें. लहान स्पीकरास खर्ज जड जातो तो कारागिराच्या आळसामुळें नव्हे, सृष्टिनियमामुळें.

१९२५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं कर्ण्यावांचून चालणाऱ्या स्पीकरचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत चुंबकाच्या क्षेत्रांत हलणारें तारेचें वेटोळें पडद्यास हालवी; आजचे बहुतेक स्पीकर त्याच कुळांतले आहेत. पुढच्या-मागच्या आवाजांनीं एकमेकांस मारूं नये म्हणून मधें मोठी फळी अगर बंद पेटी घालावी लागे. पण पेटी लहान केली कीं आंत कोंडलेली हवा ताठ स्प्रिंगसारखी पडद्यास अडवी, आणि खालचे स्वर नाहींसे होत. बेल प्रयोगशाळेंतील आल्बर्ट थ्युरास यानें ह्यावर पेटीस मोजूनमापून एक भोंक ठेवण्याची युक्ति काढली; तिचें पेटंट त्यास १९३२ सालीं मिळालें. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असतां ती जशी घुमते, तशी ही पेटी घुमून खालच्या स्वरांस हात देई. मात्र माप थोडें चुकलें, कीं प्रत्येक खालचा स्वर एकाच ‘घूं’मध्यें बुडून जाई.

खरा उलटा विचार केला तो एडगर व्हिल्चर यानें. हा न्यूयॉर्क विद्यापीठांत ध्वनिविषयक वर्ग घेत असे. कोंडलेली हवा ही आजवर सर्वांस शत्रु वाटत होती. व्हिल्चरनें तिलाच चाकरीस ठेवलें. पडद्याच्या कडेची ताठ बांधणी असमान ओढते व त्यामुळें स्वर बिघडतो, हें त्याच्या ध्यानांत आलें. त्यानें ती बांधणी मुद्दाम ढिली ठेवली, पेटी घट्ट बंद केली, आणि पडद्यास परत आणण्याचें काम आंतल्या हवेवर सोंपविलें. हवेची स्प्रिंग कापडाच्या व कागदाच्या स्प्रिंगपेक्षां पुष्कळच एकसारखी ओढते. १९५४ सालीं त्यानें हेन्री क्लॉस ह्या आपल्या विद्यार्थ्यासह कंपनी काढली व ए. आर.-१ हा स्पीकर बाजारांत आणला. फडताळांत मावेल अशा पेटींतून बारा इंची पडद्याचा खोल आणि स्वच्छ खर्ज ऐकूं येतो, हें लोकांस नवल वाटलें. पुढें ह्याच कंपनीनें जाहीर प्रयोग केले. तंतुवाद्यांची चौकडी मंचावर वाजवीत असतां मधेंच वादक हात थांबवीत व स्पीकर वाजूं लागत. श्रोत्यांपैकीं अनेकांस तो पालट ओळखतां येत नसे. व्हिल्चरचें १९५६ चें पेटंट मात्र कोर्टांत टिकलें नाहीं, आणि त्याची युक्ति सर्वांची झाली.

पण ही युक्तीही फुकट मिळाली नव्हती. अशा स्पीकरास हालविण्यास विजेचें बळ फार लागे. क्लॉसचा पुढील भागीदार अँटन हॉफमन ह्याच्या नांवानें एक नियम प्रसिद्ध आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेंत मोठा आवाज, ह्या तिहींपैकीं दोनच पदरांत पडतात. पुढें ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यानें १९६१ सालीं व रिचर्ड स्मॉल यानें १९७० नंतरच्या दशकांत भोंकाच्या पेटीचेंही गणित बसविलें. अंदाज संपला; नियम मात्र राहिला.

ह्या नियमाशीं भांडण न करतां त्याचा मान राखणारा स्पीकर बी. बी. सी.च्या अभियंत्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत केला. एल. एस. ३/५ए ही सुमारें पांच लिटरांची बंद पेटी. बाहेरील प्रक्षेपणाच्या गाडीच्या अरुंद जागेंत बसून ऐकण्यासाठीं ती घडविली. तिनें अतिखोल खर्जाचा हट्टच सोडला, वरच्या खर्जास किंचित् उठाव दिला, आणि मनुष्याचा आवाज खरा ठेवला. येथें कानही मदतीस येतो. मूळ कंप अशक्त असला, तरी त्याच्या दुपटी-तिपटींचे स्वर ऐकून कान मूळ स्वर मनांत भरून घेतो. झीबेक ह्या जर्मन पंडितानें १८४१ सालींच हें दाखविलें होतें.

राहतां राहिली खोली. रॉय ॲलिसन यानें १९७० नंतरच्या दशकांत दाखविलें, कीं भिंत आणि जमीन हीं स्पीकरचींच अंगें होत. भिंतीजवळ सरकविला कीं खर्ज वाढतो, कोपऱ्यांत आणखी वाढतो. पण भिंत व जमीन हीं दोन्ही त्याच्यापासून सारख्याच अंतरावर आलीं, तर वरच्या खर्जांत खळगा पडतो. म्हणून हीं अंतरें भिन्न ठेवावीं, आणि नवा स्पीकर घेण्यापूर्वीं जुना वीतभर हालवून पाहावा. हळू आवाजांत कानासच खर्ज कमी ऐकूं येतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें. तेव्हां हळू ऐकतांना खर्ज थोडा वाढविल्यास तो दोष नव्हे.

वाढविण्याची हौस मात्र आवरावी. आज हातावर मावणाऱ्या पेट्याही मोठ्यानें धमधमतात. पण त्या धमधमींत डग्ग्याची मींड आणि नुसता ठोका एकच होतात. खोटा पुष्कळ खर्ज व खरा थोडा खर्ज ह्यांतून निवडावयाचें झाल्यास आम्ही दुसराच घेऊं. तंबोराही मोठ्यानें वाजत नाहीं. पण गाणें उभें राहतें तें त्याच्याच आधारावर.