बाटलीचे झाकण आणि साडी : उदारीकरणोत्तर दृश्यकलेतील उपभोगाची चिकित्सा

कर्जतसारख्या पर्जन्यछायेतील, अवर्षणप्रवण तालुक्यात जीर्ण लुगडे सहसा टाकून दिले जात नसे. त्याची गोधडी होई. पहिल्या वापरापाशी वस्तूचे आयुष्य संपत नाही, ही धारणा तेथील गृहव्यवस्थेत मुरलेली होती. मुंबईच्या कलावंत शर्मिला सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच्या उलट दिशेने प्रवास केला. त्यांनी टाकाऊ वस्तूंचीच साडी घडवली. ‘हँडमेड सारी’ ही कलाकृती कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे एकमेकांत गुंफून तयार झाली आहे.

या झाकणास राजकीय इतिहास आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार विदेशी भागभांडवल घटविण्याची अट अमान्य करून ही कंपनी १९७७ मध्ये भारताबाहेर पडली. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर ती १९९३ मध्ये परतली. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही पार्लेची पेयेही तिच्याकडे गेली. त्या काळी काचेची बाटली दुकानदाराकडे परत जाई, धुऊन पुन्हा भरली जाई. झाकण मात्र एकदाच वापरून फेकले जाई. सामंत यांनी नेमका हाच भाग निवडला, ही बाब समीक्षेत पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. विणकराच्या श्रमाची जागा येथे यंत्राने ठोकलेल्या, एकसारख्या मुद्रेने घेतली आहे; तरीही त्या मुद्रा जोडण्यास हातच लागले.

पुढे या साडीचा अर्थ पालटला. केरळातील प्लाचीमाडा येथे भूजल उपशाविरुद्ध २००२ मध्ये आंदोलन उभे राहिले आणि २००४ मध्ये तेथील कारखाना बंद झाला. जागतिकीकरणावरील टीका म्हणून पाहिलेली झाकणे आता पाण्याचीही साक्ष देऊ लागली.

सामंत आणि तुषार जोग हे १९९९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘ओपन सर्कल’ या गटाच्या संस्थापकांपैकी होत. जोग (१९६६–२०१८) यांनी २०१० मध्ये शांघायच्या द्वैवार्षिक प्रदर्शनासाठी मुंबईहून मोटारसायकलीने प्रवास केला. सरदार सरोवर व चीनमधील थ्री गॉर्जेस या धरणांमुळे झालेले विस्थापन हा त्या प्रवासाचा विषय होता. ही कला मुख्यतः महानगरांतील दालनांत आणि परदेशांतील प्रदर्शनांतच वावरली, ही तिची मर्यादा नाकारता येत नाही. भीमाकाठच्या गावांना मात्र विस्थापनाचा हा प्रश्न त्याआधी तीन दशके, उजनीच्या फुगवट्यात शेते बुडाली तेव्हाच, ठाऊक झाला होता.