दोष ब्लेडच्या घाणीचा की गुळगुळीतपणाच्या हव्यासाचा?

दाढी झाली आणि दुसऱ्या दिवशी गळ्यावर लाल पुटकुळ्या उठल्या, की कोकणातल्या तळा गावापासून मुंबईपर्यंत निदान ठरलेलं असतं: ब्लेड घाण होतं, सलूनवाल्याने हयगय केली. उपायही ठरलेला. तुरटी जोरात घासा, वर झोंबणारं आफ्टरशेव्ह लावा आणि पुढच्या वेळी उलटा हात मारून घ्या, म्हणजे खुंटच उरायला नको. माझ्या मते यातलं निदान बहुतेक वेळा चुकीचं आहे, तुरटीचा उपाय अपुरा आहे आणि उलट्या हाताचा तर उघड अपायकारक आहे.

या रूढ समजात काहीच तथ्य नाही, असं मात्र नाही. वापरलेल्या ब्लेडमधून हिपॅटायटिस बी पसरू शकतो, म्हणून दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड हा नियम मोडता कामा नये. केसांच्या मुळाशी जंतूंचा किंवा बुरशीचा संसर्गही होतो. तळ्यासारख्या कोकणातल्या दमट गावात, पावसाळ्यात घामेजलेल्या कातडीवर तर तो सहज फोफावतो. पू, वाढती वेदना, पसरत जाणारे चट्टे दिसले तर डॉक्टरच गाठायला हवेत.

पण नव्या ब्लेडने, स्वतःच्या हाताने, घरच्या आरशासमोर दाढी करणाऱ्यांनाही त्याच पुटकुळ्या येतात. त्याचं काय? अमेरिकी सैन्यातला अनुभव इथे बोलका आहे. तिथे प्रत्येकाचं रेझर स्वतःचं, तरीही कुरळ्या केसांच्या कृष्णवर्णीय सैनिकांना हा त्रास इतका होतो, की डॉक्टरांच्या शिफारशीवरून त्यांना थोडी दाढी राखण्याची मुभा द्यावी लागली. घाण हेच मूळ असतं, तर केसाच्या वळणाप्रमाणे हा त्रास कमीजास्त झाला नसता.

खरं कारण जॉन स्ट्रॉस आणि अल्बर्ट क्लिगमन या त्वचातज्ज्ञांनी 1956 मध्येच मांडलं होतं. वस्तऱ्याने केस तिरका कापला जातो आणि त्याला छाटलेल्या बांबूसारखं अणकुचीदार टोक येतं. केस वळणदार असेल तर तो बाहेर येऊन पुन्हा कातडीत शिरतो. कातडी ताणून किंवा उलट्या हाताने फार खोल कापला, तर खुंट पृष्ठभागाखाली जातो आणि वाढताना आतूनच छिद्राची भिंत भोसकतो. शरीर त्याला परकी वस्तू समजून लढतं. ती लढाई म्हणजेच ही पुटकुळी.

हे एकदा समजलं की रूढ उपायांचा फोलपणा उघडा पडतो. तुरटी रक्त थांबवते, कातडी आवळते. पण आत शिरलेला केस ती बाहेर काढू शकत नाही. अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह सोललेली कातडी आणखी कोरडी करतं. उलटा हात तर रोगाचं कारणच वाढवतो. 1971 मध्ये बाजारात आलेल्या दुहेरी पात्याच्या रेझरची मोठी जाहिरात हीच होती, की पहिलं पातं केस ओढून वर काढतं आणि तो मागे सरकायच्या आत दुसरं त्याला कापतं. गुळगुळीतपणा येतो तो असा, आणि पुटकुळीही येते ती अशीच.

म्हणून इलाज दाढीनंतर नाही, दाढीच्या आधी आणि दाढी करताना आहे. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं केस भिजू द्यावेत. भिजलेला केस मऊ होतो, कमी जोरात कापला जातो. फेस दाट असावा. ब्लेड धारदार आणि शक्यतो एकपाती असावं. केस वाढतो त्या दिशेनेच हात फिरवावा, कातडी ताणू नये, दाबू नये. गळ्यावरचे केस जागोजागी दिशा बदलतात, तेव्हा आधी बोट फिरवून पाहावं. ज्यांना त्रास नेहमीचा आहे त्यांनी ट्रिमरने सुमारे एक मिलिमीटर खुंट ठेवावेत. पुटकुळ्या भरात असतील तर तीन-चार आठवडे वस्तरा बाजूला ठेवावा. वाढता केस बहुधा आपणच सुटतो. चिमट्याने उपटू नये. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमं तर तोंडाला लावूच नयेत. आधी बरं वाटतं, पुढे कातडी पातळ होते.

कुणी म्हणेल, लग्नकार्यात, कचेरीत खुंट शोभतील का? एक मिलिमीटर खुंट हाताला जाणवतो, पण चेहरा नीटनेटकाच दिसतो. लाल, पिकलेला गळा आणि मागे राहणारे काळे डाग मात्र लपत नाहीत.

गालावरून हात घसरला पाहिजे, ही मागणी खुर्चीत बसणाऱ्याची असते. ती पुरी करणाऱ्या कारागिराला दुसऱ्या दिवशी घाणेरडा ठरवणं अन्यायाचं आहे. नवं ब्लेड मागा, तो तुमचा हक्कच आहे. पण त्याबरोबर एवढंही सांगा: दादा, सुलटीच करा, ताणू नका, थोडं राहिलं तरी चालेल.