डॉसचे ग्राफिकल शेल : कमांडपासून खिडकीपर्यंत

ऑपरेटिंग सिस्टिम आणि संगणक वापरणारा माणूस यांच्यामध्ये जो प्रोग्राम उभा असतो त्याला शेल म्हणतात. माणसाचे म्हणणे समजून घ्यायचे आणि सिस्टिमकडून ते करून घ्यायचे, हे त्याचे काम. एमएस-डॉसमध्ये ते काम ‘कमांड डॉट कॉम’ नावाची फाइल करत असे. सिअॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये लिहिलेली ८६-डॉस ही सिस्टिम मायक्रोसॉफ्टने १९८१ मध्ये विकत घेतली आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम पीसीसाठी ती पीसी-डॉस म्हणून दिली. काळ्या पडद्यावर ड्राइव्हचे अक्षर, त्यापुढे लुकलुकणारा कर्सर, आणि पुढचे सगळे वापरणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर. फाइलचे नाव आठ अक्षरांचे, त्यामागे तीन अक्षरांचे विस्तारनाम. कमांडमधले एक अक्षर चुकले की ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’ हे ठरलेले उत्तर मिळे.

ही अडचण दूर करायला डॉसच्या रचनेतच एक वाट होती. कमांड डॉट कॉम हा सिस्टिमच्या गाभ्याचा भाग नव्हता, इतर प्रोग्रामांसारखाच एक प्रोग्राम होता. १९८३ च्या डॉस २.० पासून तर ‘कॉन्फिग डॉट सिस’ या फाइलमध्ये एक ओळ लिहून त्याच्या जागी दुसरा शेल नेमता येऊ लागला. याच आवृत्तीने हार्ड डिस्क आणि डिरेक्टरीच्या आत डिरेक्टरी आणली. आयबीएमच्या पीसी एक्सटीमधल्या १० मेगाबाइटच्या डिस्कवर शेकडो फाइली मावत. त्यातून हवी ती हुडकायला नुसती यादी पुरत नव्हती.

चित्रमय पडद्याचा नमुना डोळ्यांसमोर होता. झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्राने १९७३ मध्ये आल्टो हा संगणक बनवला होता. त्यातून १९८१ चा झेरॉक्स स्टार, आणि पुढे अॅपलचे लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) यांना दिशा मिळाली. मात्र या यंत्रांत पडदा, माउस आणि प्रोग्राम एकमेकांसाठीच घडवले होते. पीसीवर खिडक्या उभारणाऱ्यांना ही मुभा नव्हती. यंत्र आधीच लोकांच्या टेबलावर होते आणि त्यावरचे प्रोग्रामही लोकांनी विकत घेतलेले होते.

पहिली अडचण पडद्याची. अक्षरांच्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी असत. प्रत्येक घराला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा; म्हणजे पूर्ण पडदा ४,००० बाइटांत उरके. १९८४ च्या ईजीए कार्डावर ६४० बाय ३५० ठिपक्यांचा १६ रंगी पडदा रंगवायचा तर १,१२,००० बाइट हलवावे लागत, म्हणजे २८ पट काम. ते करणारा ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ गतीचा होता. म्हणून चांगला शेल संपूर्ण पडदा पुन्हा कधीच रंगवत नसे. खिडकी हलली की नेमका कोणता आयत उघडा पडला ते काढायचे आणि तेवढाच भाग रंगवायचा, हे त्याचे मुख्य कौशल्य. माउसच्या बाणासाठीही बाणाखालचे ठिपके आधी जपून ठेवावे लागत. बाण पुढे सरकला की ते जागच्या जागी परत ठेवायचे आणि नव्या जागचे उचलायचे.

दुसरी अडचण मेमरीची. डॉसच्या प्रोग्रामांना जास्तीत जास्त ६४० किलोबाइट मिळत. त्यातून डॉस, ड्रायव्हर आणि शेल यांनी जागा घेतली की जे उरे त्यावर खरे काम करायचे. तिसरी अडचण डॉसच्या स्वभावाची. एका वेळी एकच प्रोग्राम चालेल असे धरून ते लिहिलेले होते. एकाची मागणी अर्धवट असताना दुसऱ्याने डॉसला हाक मारली तर आतला हिशेब कोलमडे. त्यात बरेचसे प्रोग्राम वेगासाठी डॉसला बाजूला सारून थेट पडद्याच्या मेमरीत लिहीत. अशा प्रोग्रामला खिडकीत बसवायचे तरी कसे?

पहिला मोठा प्रयत्न व्हिजिकॉर्पचा. ‘व्हिजिकॅल्क’ विकणाऱ्या या कंपनीने नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉमडेक्स प्रदर्शनात ‘व्हिजि ऑन’ दाखवले आणि डिसेंबर १९८३ मध्ये ते बाजारात आणले. त्याला ५१२ किलोबाइट मेमरी, हार्ड डिस्क आणि माउस लागे. त्या काळी हे तिन्ही थोड्यांकडेच होते. जुने डॉस प्रोग्राम त्याच्या खिडक्यांत चालत नसत आणि नवे लिहायचे तर युनिक्सचे मोठे यंत्र हवे. ग्राहकाला घरचे सगळे टाकून नव्याने सुरुवात करायला सांगणारे हे उत्पादन लवकरच मागे पडले.

डिजिटल रिसर्चचे ‘जेम’ १९८५ मध्ये आले. त्याचे मुख्य रचनाकार ली लोरेन्झेन झेरॉक्समधून आले होते. जेमची बांधणी दोन थरांची होती. खालचा थर पडदा आणि प्रिंटर यांवर रेषा व अक्षरे काढे; वरचा थर खिडक्या, मेनू आणि माउस सांभाळे. त्यामुळे कार्ड बदलले तरी प्रोग्राम बदलावा लागत नसे. जेम चपळ होते, पण मॅकिंटॉशशी त्याचे साम्य अॅपलला खटकले. अॅपलच्या दबावाखाली पीसीवरच्या पुढच्या आवृत्तीतून कचरापेटी गेली आणि डेस्कटॉपवर हलवता न येणाऱ्या दोनच खिडक्या उरल्या. अटारी एसटी संगणकावर मात्र जेम मूळ रूपात राहिले, आणि पीसीवर व्हेंचुरा पब्लिशर या पानमांडणीच्या प्रोग्रामने त्याला खरा उपयोग मिळवून दिला.

मायक्रोसॉफ्टने विंडोजची घोषणा नोव्हेंबर १९८३ मध्ये केली. ते विक्रीला आले २० नोव्हेंबर १९८५ रोजी. पहिल्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर येत नसत, फरशांसारख्या शेजारी मांडल्या जात. फाइली उघडण्यासाठी ‘एमएस-डॉस एक्झिक्युटिव्ह’ नावाची साधी यादी होती. जुने प्रोग्राम मात्र विंडोजने नाकारले नाहीत. प्रत्येकासाठी एक छोटी माहिती-फाइल ठेवली जाई. नियम पाळणारा प्रोग्राम खिडकीत चाले, थेट पडद्यावर लिहिणाऱ्याला पूर्ण पडदा देऊन विंडोज तात्पुरते बाजूला होई. पुढे ८०३८६ प्रोसेसरने अशा प्रोग्रामला आभासी यंत्रात कोंडण्याची सोय दिली आणि १९८७ च्या विंडोज/३८६ ने अनेक डॉस प्रोग्राम एकाच वेळी चालवून दाखवले.

याच सुमारास अक्षरांच्या पडद्यावरच राहून शेल बांधण्याची दुसरी परंपरा रुजली. एक्सट्री १९८५ मध्ये, तर जॉन सोशा यांनी लिहिलेला नॉर्टन कमांडर १९८६ मध्ये आला. निळ्या पार्श्वभूमीवर दोन चौकटी, खाली डॉसची नेहमीची कमांड-ओळ, आणि सर्वांत तळाशी एफ-१ ते एफ-१० या कळांची कामे. एका चौकटीतून दुसरीत फाइलची प्रत न्यायला एफ-५ दाबले की झाले. पूर्व युरोपात आणि सोव्हिएत संघात तो घरोघरी पोहोचला. पुढच्या काही प्रोग्रामांनी तर अक्षरांच्या पडद्यावरच माउसचा खराखुरा बाण आणला. बाण ज्या चार-पाच घरांवर असेल तिथल्या अक्षरांचे आकार उचलायचे, त्यांवर बाणाचे ठिपके मिसळायचे आणि हे नवे आकार न लागणाऱ्या अक्षरांच्या क्रमांकांवर व्हीजीए कार्डात भरायचे. पडदा अक्षरांचाच राही, बाण मात्र ठिपक्या-ठिपक्याने सरके. मायक्रोसॉफ्टने स्वतः डॉस ४.० (१९८८) पासून ‘डॉस शेल’ दिला, डॉस ५.० (१९९१) मध्ये त्यातून एक प्रोग्राम थांबवून दुसऱ्याकडे जाता येऊ लागले.

भारतात डॉस आणि पडदा यांच्यामधल्या थरावर एक वेगळेच काम झाले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट कार्ड पुरवले. ते संगणकात बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉस प्रोग्रामांतच देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या उमटत. त्यामागच्या इस्की संकेतात इंग्रजी अक्षरे जागच्या जागी राहिली आणि भारतीय अक्षरांना वरचे क्रमांक मिळाले. आयबीएमने त्यांतलेच अनेक क्रमांक चौकटींच्या रेषांना दिलेले होते, त्यामुळे चौकटी आखणारे शेल आणि भारतीय अक्षरे यांचा दावा एकाच जागेवर पडला. अक्षर हे ठरावीक घरात बसणारे चिन्ह आहे, या गृहीतावर डॉस उभे होते. जोडाक्षरांच्या लिपीला ठिपक्यांचा पडदा किती आवश्यक आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

२२ मे १९९० रोजी आलेल्या विंडोज ३.० ने स्पर्धेचा निकाल लावला. त्याने ६४० किलोबाइटची भिंत ओलांडली, ‘प्रोग्राम मॅनेजर’ आणि ‘फाइल मॅनेजर’ दिले आणि जुने डॉस प्रोग्रामही सोबत घेतले. त्याच वर्षी आलेले जिओवर्क्स एन्सेम्बल बरेचसे असेम्ब्ली भाषेत लिहिलेले होते. जुन्या ८०८८ वरही ते वेगाने चाले आणि कोणत्याही आकारात नितळ अक्षरे दाखवी. पण बाहेरच्यांना त्यासाठी प्रोग्राम लिहिण्याची साधने वेळेवर मिळाली नाहीत, आणि उत्तम बांधणी असूनही ते एकटे पडले.

२४ ऑगस्ट १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये संगणक आधी डॉसनेच सुरू होई, पण पडदा उजळला की बहुतेक कारभार विंडोजच्या हाती जाई. २००१ च्या विंडोज एक्सपीने घरगुती संगणकावरून डॉसचा पाया पूर्ण काढला. जुन्या शेलांपैकी जेमचा स्रोत १९९९ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला झाला, आणि जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या फ्रीडॉसवर ते आजही चालवता येते.

वीस वर्षांचा हा इतिहास एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. नुसते देखणेपण किंवा चपळपणा कोणत्याही शेलला तारू शकला नाही. लोकांजवळ असलेले यंत्र, त्यांनी घेतलेले प्रोग्राम आणि त्यांच्या बोटांची सवय यांना ज्याने सांभाळून घेतले, तोच शेल टिकला.