स्वीडिश शिकताय? पुस्तकाचं साल बघा!

क्लास न लावता स्वीडिश शिकायची म्हटलं की पहिला शोध फुकट पुस्तकांचा. आणि ती भरपूर आहेत बरं का! डिसेंबर १९९२ मध्ये लिंशोपिंगच्या 'ल्युसातोर' या विद्यार्थ्यांच्या कॉम्प्युटर क्लबात, प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या धर्तीवर 'प्रोजेक्ट रूनेबेर्ग' सुरू झाला. कॉपीराइट संपलेली पुस्तकं स्कॅन करायची आणि सगळ्यांसाठी खुली ठेवायची. कादंबऱ्या, कोश, ज्ञानकोश, सगळं.

पण यात एक गोम आहे. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी संपतो. म्हणजे फुकटात मिळते ती पणजोबांची स्वीडिश. आणि मधल्या काळात या भाषेची निदान तीन मोठी 'अपग्रेड्स' झालीत.

पहिलं १९०६ चं. शिक्षणखातं सांभाळणारे मंत्री फ्रिड्यूव्ह बेर्ग यांनी शाळांमधलं शुद्धलेखन बदललं. 'ह्व'मधला उच्चारात नसलेला 'ह' गेला, जसे आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले.

दुसरं क्रियापदांचं. 'मी आहे'ला 'एर' आणि 'आम्ही आहोत'ला 'एरु' असा लेखी फरक होता. बोलताना बहुतेकांनी तो कधीच सोडला होता. १९४५ मध्ये 'टीटी' या वृत्तसंस्थेनं अनेकवचनी रूपं बंद केली आणि वर्तमानपत्रांतून ती गेली.

तिसरं सगळ्यात मजेशीर. अनोळखी माणसाला 'दू' (तू) म्हणणं उद्धट, आणि 'नी' (तुम्ही) म्हणणंही अनेकांना तुसडं वाटे. मग पदवी लावून तृतीयपुरुषात बोलायचं, आपल्या 'साहेब चहा घेणार का?'सारखं. पदवी माहीत नसली की पंचाईत! १९६७ मध्ये ब्रुर रेक्सेद सरकारी वैद्यकीय खात्याचे प्रमुख झाले आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू' म्हणणार असं त्यांनी जाहीर केलं. ही लाट आधीच सुरू झाली होती, पण तिला चेहरा मिळाला तो त्यांचा. आज दुकानदारापासून प्रोफेसरपर्यंत सगळे 'दू'.

आता समजा तुम्ही १९३० सालच्या पुस्तकावरून संवाद पाठ केले आणि स्टॉकहोमच्या ऑफिसात म्हणून दाखवले. व्याकरण बिनचूक, पण ऐकणाऱ्याला वाटणार नाटक चालू आहे!

मग जुनी पुस्तकं टाकून द्यायची का? छे! सेल्मा लागरलोफ यांचं 'नील्स होल्गेरसन' (१९०६-०७) जरूर वाचा. मुळात ते शाळेसाठी लिहिलेलं भूगोलाचं पुस्तक. त्यात शुद्धलेखन नवं, पण क्रियापदं जुनी. म्हणजे स्थित्यंतर एकाच पुस्तकात दिसतं. अडलेल्या शब्दाला २०१७ पासून 'स्वेन्स्का डॉट एसई'वर स्वीडिश अकादमीचे तीन कोश एकत्र आणि फुकट आहेत. त्यातल्या ऐतिहासिक कोशाचा पहिला खंड १८९८ चा, शेवटचा २०२३ चा!

थोडक्यात, वाचायला जुनं चालेल, बोलायला मात्र १९७० नंतरचंच घ्या. पहिलं पान उघडण्याआधी छपाईचं साल बघा, म्हणजे झालं.