जन्माचे गुण

१९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाची छाप हे पात्राचे सहा गुण फासे टाकून ३ ते १८ या अंकांत ठरतात. इथवर सारा दैवाचा कौल. परंतु पात्राचा वंशही निवडावा लागे आणि १९७८ च्या नियमपुस्तकाने वंशालाच अंक चिकटवले. एल्फ चपळाईत एकने अधिक, काटकपणात एकने उणा. अर्ध-ऑर्क बळात व काटकपणात एकेकाने अधिक, व्यक्तिमत्त्वात मात्र दोनने उणा. त्याच पुस्तकात स्त्री-पात्राच्या बळाची कमाल मर्यादा पुरुषाहून खाली होती. १९८९ च्या आवृत्तीने ती काढली. वंशाचे अंक राहिले. २००० साली तर अर्ध-ऑर्काच्या बुद्धीतूनही दोन गुण वजा झाले.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती पालकांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला. पुस्तकातील भुताखेतांच्या चित्रांनी ते धास्तावले. रक्तावरून बुद्धीचे माप काढणाऱ्या कोष्टकाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मला ते कोष्टकच अधिक चिंतेचे वाटते.

हे ऑर्क मूळचे जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या कादंबऱ्यांतले. टॉल्कीन निष्ठावंत कॅथलिक होते, आणि दुष्टपणासाठीच जन्मलेली जमात हा विचार त्यांना सतत टोचत असे. १९५४ साली ऑक्सफर्डमधील एका कॅथलिक पुस्तकविक्रेत्याने त्यांना धर्मशास्त्रीय शंका विचारल्या. टॉल्कीन यांनी दीर्घ उत्तर लिहिले, ते पाठवले मात्र नाही. ऑर्क उद्धारापलीकडचे आहेत असे म्हणण्याच्या अगदी जवळ येऊन त्यांनी त्यात हात आखडता घेतला. खेळाच्या कोष्टकात असा संकोच कुठला?

स्थिर अंकांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. एल्फ आणि ड्वार्फ यांच्यात काही भेदच नसेल, तर ती मुखवटे चढवलेली माणसेच ठरतील, असे जुने खेळाडू म्हणत. ते अगदीच खोटे नाही. पण अर्ध-ऑर्क पंडित रंगवू पाहणाऱ्या मुलाला पहिल्याच पानावर दंड भरावा लागे, हेही तितकेच खरे.

२००८ साली वजाबाकी गेली, तरी २०१६ च्या एका पुस्तकात ऑर्काची बुद्धी पुन्हा दोनने घटली. मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि अमेरिका ढवळून निघाली. जूनमध्ये प्रकाशकांनी वंशचित्रणातील दोष मान्य केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या पुस्तकाने वंशाचे अधिक गुण हव्या त्या क्षमतेला देण्याची मुभा दिली. २०२४ च्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्दच उरला नाही. तेथे 'प्रजाती' आली, आणि अंक पात्राच्या पूर्वायुष्याकडे गेले.

पूर्वायुष्य म्हणजे बहुधा व्यवसाय. उमराव असल्यास बळ, बुद्धी व व्यक्तिमत्त्व यांतून वाढ निवडायची. शेतकरी असल्यास बळ, काटकपणा व शहाणपण यांतून. शेतकऱ्याच्या यादीत बुद्धी नाही.