गळती थांबली, पण कशाने? स्टॉप-लीकचा इतिहास आणि संशोधनातला एक जुना घोळ

पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "विषय सापडलाय, पण त्यातला प्रश्न कसा काढायचा?" यावर पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा मी माझी स्वतःची चूक सांगतो. माझा विषय यंत्रदुरुस्तीचा इतिहास. आणि चूक झाली ती इंजिन ऑइलच्या गळतीवर ओतायच्या एका बाटलीपायी.

मामाकडे एक जुनी डिझेल जीप आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथून ऑइल ठिबकायचं. मिस्त्री म्हणाला, क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. सील स्वस्तच असतं, पण तिथपर्यंत हात पोहोचवायची मजुरी महाग. मामाने दुकानातून स्टॉप-लीकची बाटली आणली आणि इंजिनात ओतली. पंधरा दिवसांनी गाडीखालचा पुठ्ठा कोरडा! मी खूश होऊन सिनॉप्सिसमध्ये लिहून टाकलं की स्वस्त रसायन हा महागड्या दुरुस्तीला सिद्ध झालेला पर्याय आहे.

गाइड मॅडमनी समासात दोनच शब्द लिहिले: "कशाने थांबली?"

मी मामाला फोन केला. तेव्हा कळलं की त्याच दिवशी त्याने ऑइलही बदललं होतं, आधीपेक्षा जाड ग्रेडचं. आणि मिस्त्रीने तुंबलेला ब्रीदर पाइप साफ करून दिला होता. ब्रीदर तुंबला की इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि तो दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो. म्हणजे एका दिवसात तीन बदल, आणि मी श्रेय दिलं एकट्या बाटलीला. वाक्य खोडलं. पण तिथूनच माझ्या प्रकरणाचा खरा प्रश्न सुरू झाला.

औषध समजायचं तर आधी सील बघा

इंजिनातून फिरता दांडा बाहेर येतो तिथे ऑइल अडवायला काहीतरी लागतंच. सुरुवातीच्या काळात हे काम ग्रॅफाइट लावलेली दोरी, नमदा किंवा चामडं करत असे. जर्मनीतल्या वाइनहाइम गावच्या फ्रॉइडेनबर्ग कंपनीचा मूळ धंदा कातडी कमावण्याचा. 1929 च्या मंदीनंतर ती चामड्याच्या सीलकडे वळली. 1930 च्या दशकात जर्मनीतच नायट्राइल रबर तयार झालं. ब्युटाडाइन आणि अॅक्रिलोनायट्राइल यांपासून बनणारं हे रबर ऑइलमध्ये साध्या रबरासारखं विरघळत नाही. हळूहळू चामड्याची जागा रबराच्या कडेने घेतली.

आता हे महत्त्वाचं का? कारण इंजिन ऑइलमध्ये घालायचं आजचं स्टॉप-लीक मुख्यतः रबरावर काम करतं. उष्णतेने आणि ऑइलने रबरातले मऊपणा राखणारे घटक निघून जातात. सील कडक होतं, आकसतं, दांड्यावरची पकड सुटते. बाटलीतली एस्टरसारखी रसायनं रबरात शिरतात, त्याला थोडं फुगवतात आणि मऊ करतात. दोरीच्या सीलला याचा उपयोग नाही. म्हणजे या औषधाचा इतिहास रबरी सीलच्या इतिहासाला बांधलेला आहे. इतिहास लिहिताना "लोक पूर्वीपासून असंच करत आले" हे वाक्य किती सहज हातून निघतं बघा, आणि किती चुकीचं ठरू शकतं.

मर्यादाही इथेच कळतात. कडक झालेलं पण धड असलेलं सील परत पकड घेऊ शकतं. फाटलेली कड सांधली जात नाही, दांड्यावर पडलेला खाचा भरून येत नाही. आणि प्रमाणाबाहेर ओतलं तर रबर इतकं मऊ होतं की सीलच वाया जातं.

एक नाव, दोन वस्तू

स्टॉप-लीकची सगळ्यात गाजलेली गोष्ट पाणबुडीची आहे. अमेरिकेची नॉटिलस ही पहिली अणुपाणबुडी. 1958 मध्ये उत्तर ध्रुवाकडे जाण्याच्या गुप्त मोहिमेआधी तिच्या कंडेन्सरमध्ये समुद्राचं पाणी झिरपू लागलं. छिद्र काही केल्या सापडेना. कमांडर विल्यम अँडरसन यांनी खलाशांना साध्या कपड्यांत सिएटलच्या पेट्रोल पंपांवर पाठवलं. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात त्या स्टॉप-लीकचे 140 डबे त्यांनी विकत आणले. त्यातलं निम्मं आत ओतल्यावर गळती थांबली. 3 ऑगस्ट 1958 रोजी नॉटिलस बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोहोचली.

गोष्ट खरी आहे, अँडरसन यांनी स्वतः लिहिली आहे. मी ती माझ्या प्रकरणाच्या सुरुवातीला दिमाखात घातली होती. पण ती माझा पुरावाच नव्हती! रेडिएटरच्या स्टॉप-लीकमधले बारीक कण पाण्याबरोबर वाहत जाऊन छिद्रात अडकतात आणि ते बुजवतात. इंजिन ऑइलमध्ये असे कण सोडले तर ऑइलच्या बारीक वाटा तुंबायची भीती. तिथे फुगवणारं रसायन लागतं. नाव एक, काम दोन. तुमच्या विषयातही असा एखादा शब्द नक्की असेल, दोन वेगळ्या गोष्टींवर पांघरलेला. तो आधी सोडवून घ्या.

तरी नॉटिलसने मला एक गोष्ट दिलीच. तिथे स्टॉप-लीक निवडलं ते स्वस्त म्हणून नाही, तर छिद्र कुठे आहे हे माहीत नव्हतं म्हणून. निदान न करता उपचार. मोहीम पार पडण्यापुरता तो योग्यही होता.

1993: गळतीच उलट्या बाजूने

माझ्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं ते दुरुस्तीने नाही, बिघाडाने. ऑक्टोबर 1993 मध्ये अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांच्या डिझेलमधल्या गंधकावर 0.05 टक्क्यांची मर्यादा आली. कॅलिफोर्नियाने अॅरोमॅटिक घटकांवरही मर्यादा घातली. नवं डिझेल आलं आणि काही जुन्या गाड्यांच्या इंधनपंपातून गळती सुरू झाली.

कारण असं की अॅरोमॅटिक घटक नायट्राइल रबराला फुगवतात. जुन्या सील वर्षानुवर्षं त्या डिझेलमध्ये फुगून बसल्या होत्या. नव्या डिझेलमध्ये ते घटक कमी झाले, रबरातले बाहेर पडले, सील आकसल्या. वयाने कडक झालेल्या सीलमध्ये पुन्हा दांड्याला धरायची लवचीकता उरली नव्हती. नव्या सीलना सहसा त्रास झाला नाही. सिंथेटिक ऑइलचंही असंच. पॉलिअल्फाओलेफिन हे मूळ तेल रबराला आकसवू शकतं, म्हणून त्यात एस्टर मिसळून तोल साधतात.

इथे इंजिन तेच, सीलही त्याच, बदलला तो मुख्यतः द्रव. मामाच्या जीपमध्ये जे मला मिळालं नव्हतं ते इथे होतं. द्रवातले घटक रबराचा आकार बदलतात आणि त्यावर गळती ठरते, हे इथे बऱ्याच स्वच्छपणे दिसतं. प्रयोगशाळेत हेच एएसटीएम डी 471 या चाचणीने मोजतात: रबराचा तुकडा ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ द्रवात ठेवायचा आणि आकारमान किती बदललं ते बघायचं.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

आता "अमुक उपाय चालला" असा दाखला हातात आला की मी तीन गोष्टी विचारतो. त्याच वेळी आणखी काय बदललं? उपाय नक्की कशावर काम करतो, आणि ते तिथे होतं का? चालला म्हणजे किती दिवस, आणि कोणाच्या गरजेपुरता?

तिसरा प्रश्न मी मामाला विचारला नव्हता. सहा महिन्यांनी गळती परत आली. ऑइल क्लच प्लेटवर गेलं, क्लच घसरायला लागला आणि शेवटी गिअरबॉक्स उतरवावाच लागला. सीलची कड एका बाजूने फाटलेली निघाली. म्हणजे बाटलीचा त्यात फार वाटा नसावा. मी मामाला म्हटलं, पैसे वाया गेले. तो म्हणाला, "वाया कसे? त्या सहा महिन्यांत ऊस कारखान्यावर पोचला. मजुरीचे पैसे तेव्हा हातात नव्हते, आता आहेत."

हे वाक्य माझ्या प्रकरणात आहे. खोडलेल्या वाक्याच्या जागी.