टोलचा हिशेब आणि चौथा घात

सुरतेहून रायपूरच्या पंडरी कापडबाजाराकडे निघालेल्या ट्रकला राष्ट्रीय महामार्ग ५३ हा थेट रस्ता आहे: धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर आणि मग छत्तीसगड. वाटेतल्या टोलनाक्यांवर त्याच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो. या टॅगला बॅटरी नसते. नाक्यावरून येणाऱ्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींच्या ऊर्जेवरच त्यातील चिप क्षणभर जागी होते आणि परावर्तित लहरींतून आपला क्रमांक कळवते. नंदन निलेकणी यांच्या समितीने २०१० मध्ये ही पद्धत सुचवली. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर टॅग नसलेल्या वाहनाला दुप्पट टोल लागू झाला.

वसुली आधुनिक झाली, आकारणीचे सूत्र मात्र जुनेच राहिले. २००८ च्या नियमांतील पायाभूत दर मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे, दोन ॲक्सलच्या ट्रकला २ रुपये २० पैसे आणि सात किंवा अधिक ॲक्सलच्या वाहनाला ४ रुपये २० पैसे असे होते. म्हणजे सर्वांत अवजड वाहनाचा टोल मोटारीच्या जेमतेम साडेसहापट.

रस्त्याचा हिशेब वेगळा असतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचणीतून असे दिसले की रस्त्याची झीज ॲक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. मोटारीच्या ॲक्सलवर अर्धा टन आणि ट्रकच्या ॲक्सलवर दहा टन धरले, तर भार वीसपट, पण झीज १,६०,००० पट! घातांक प्रत्येक रस्त्यावर तंतोतंत चार नसतो, हे खरे. तरी साडेसहाशी त्याची तुलनाच होत नाही. जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या ॲक्सलची भारमर्यादा १०.२ वरून ११.५ टनांवर गेली. भार सुमारे १३ टक्क्यांनी वाढला, याच नियमाने झीज सुमारे ६२ टक्क्यांनी. ॲक्सल तितकेच राहिल्याने ट्रकचा टोलवर्ग तोच राहिला.

टोलच्या पैशाचे मोल अर्थातच मोठे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील वसुलीचे हक्क महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने २००४ मध्ये १५ वर्षांसाठी ९१८ कोटी रुपयांना दिले. २०२० मध्ये १० वर्षांसाठी ८,२६२ कोटींना. उद्याच्या वाहतुकीवर आज भांडवल उभे करायचे, तर वाहनांची मोजणी विश्वासार्ह हवी, आणि टॅग नेमकी तीच देतो.

स्वित्झर्लंडने २००१ मध्ये दुसरी वाट धरली. तेथे साडेतीन टनांवरील मालवाहनाचे अनुज्ञेय वजन, कापलेले अंतर आणि प्रदूषणवर्ग यांवरून कर ठरतो. मालवाहतूक रस्त्यावरून रेल्वेकडे वळावी हा त्यामागचा उघड हेतू. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या गॉथर्ड रेल्वेबोगद्याच्या खर्चातही या कराचा वाटा आहे.